'ऑन डिलीट कॅस्केड' लावण्याआधी: फॉरेन की नेमकी काय करते आणि साखळी कुठपर्यंत जाते

प्रश्न थोडक्यात असा: ग्राहक टेबलातली एक नोंद डिलीट करायला गेलं की डेटाबेस फॉरेन कीची (एका टेबलातल्या नोंदीचा दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी असलेला दुवा सांभाळणारा नियम) एरर दाखवून अडवतो. शोधाशोध केली की एकच तोडगा पुन्हा पुन्हा समोर येतो, 'ऑन डिलीट कॅस्केड' लावा, म्हणजे त्या नोंदीवर अवलंबून असलेल्या नोंदीही आपोआप निघतील. तो लावावा का? लावला तर मागे नेमकं काय घडतं?

काही टेबलांवर जरूर लावावा, काहींवर अजिबात लावू नये, आणि केवळ एरर घालवायची म्हणून तर कधीच लावू नये. मायएसक्यूएलची १४५१, एसक्यूएल सर्व्हरची ५४७, ओरॅकलची ओआरए-०२२९२ किंवा पोस्टग्रेसचा २३५०३ हा कोड दिसला की फॉरेन की तिचं काम चोख करते आहे एवढंच समजायचं. या ग्राहकाच्या ऑर्डरींचं काय करायचं हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही, म्हणून डेटाबेस थांबला आहे. कॅस्केड हे त्या प्रश्नाचं एक उत्तर आहे. ते बरोबर आहे की नाही हे तुमच्या डेटाचा अर्थ काय आहे त्यावर ठरतं.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतो. ग्राहक, ऑर्डर, ऑर्डर_तपशील (एका ऑर्डरमधली एकेक वस्तू), उत्पादन, पत्ते आणि पेमेंट अशी सहा टेबलं. ऑर्डर टेबलात ग्राहक_आयडी आहे, ऑर्डर_तपशीलात ऑर्डर_आयडी आणि उत्पादन_आयडी. ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं ते पेरेंट, बोट दाखवणारं ते चाइल्ड.

फॉरेन कीची तपासणी चार प्रसंगी होते: चाइल्डमध्ये नवी नोंद आली, चाइल्डमधली ती किंमत बदलली, पेरेंटमधली नोंद गेली, किंवा पेरेंटची की बदलली. पहिल्या दोन प्रसंगी पर्याय नसतो, पेरेंट नसेल तर एरर येणारच. शेवटच्या दोन प्रसंगी मात्र काय करायचं हे तुम्ही ठरवू शकता, आणि 'ऑन डिलीट', 'ऑन अपडेट' ही कलमं त्यासाठीच आहेत. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: चाइल्डच्या कॉलममध्ये नल (रिकामी किंमत) असेल तर तपासणी होतच नाही. दोन कॉलमची एकत्रित फॉरेन की असेल आणि त्यातला एक जरी नल असला, तरी नेहमीच्या नियमानुसार दुसऱ्यातली किंमत कितीही चुकीची असली तरी ती नोंद बिनबोभाट आत जाते. हे नको असेल तर दोन्ही कॉलम 'नॉट नल' ठेवा.

डिलीटसाठी पाच पर्याय आहेत. काहीच लिहिलं नाही तर 'नो ॲक्शन' लागू होतो, म्हणजे चाइल्ड शिल्लक असेल तर डिलीट होऊ द्यायचं नाही. 'रिस्ट्रिक्ट' तेच करतो, फरक वेळेचा. पोस्टग्रेसमध्ये 'नो ॲक्शन'ची तपासणी स्टेटमेंट संपताना होते आणि कन्स्ट्रेंट (म्हणजे हा नियम) 'डिफरेबल' केला असेल तर कमिटपर्यंत (बदल पक्के होईपर्यंत) पुढे ढकलता येते. 'रिस्ट्रिक्ट' पुढे ढकलता येत नाही. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये (टेबल साठवणाऱ्या नेहमीच्या इंजिनात) दोन्ही एकच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'रिस्ट्रिक्ट' हा शब्दच नाही. 'कॅस्केड' चाइल्डच्या नोंदीही काढून टाकतो. 'सेट नल' चाइल्ड ठेवतो पण दुवा पुसतो. 'सेट डीफॉल्ट' दुव्याच्या जागी ठरलेली किंमत घालतो, मात्र त्या किमतीची नोंद पेरेंटमध्ये असावी लागते. इनोडीबी हा पर्याय स्वीकारत नाही. ओरॅकलमध्ये डिलीटसाठी फक्त 'कॅस्केड' आणि 'सेट नल' लिहिता येतात आणि 'ऑन अपडेट कॅस्केड' मुळातच नाही.

कुठे लावायचं, कुठे नाही

कसोटी एकच: पेरेंट गेल्यावर चाइल्डच्या नोंदीला स्वतःचा काही अर्थ उरतो का?

ऑर्डरच गेली तर 'त्या ऑर्डरमधली तिसरी वस्तू' या नोंदीला अर्थ नाही. ऑर्डर_तपशील ते ऑर्डर या दुव्यावर कॅस्केड हवंच. ते नसेल तर प्रत्येक ठिकाणच्या कोडला 'आधी तपशील काढ, मग ऑर्डर' हा क्रम पाठ ठेवावा लागतो आणि एक ना एक दिवस कुणीतरी तो विसरतो. दोन टेबलांना जोडणाऱ्या मधल्या टेबलांचंही तसंच. लेख आणि टॅग यांच्यामधल्या टेबलात दोन्ही बाजूंच्या फॉरेन कींवर कॅस्केड लावणं योग्य, कारण ती नोंद म्हणजे निव्वळ दुवा आहे आणि एक टोक गेलं की दुवा संपतो.

ऑर्डर_तपशील ते उत्पादन हा दुवा मात्र उलट्या जातीचा आहे. उत्पादन यादीतून काढलं म्हणून मागची विक्री पुसली जाऊ नये. एकाच टेबलात शेजारी शेजारी असलेल्या दोन फॉरेन कींना वेगवेगळं वागवावं लागतं ते असं. सगळ्या दुव्यांवर सरसकट कॅस्केड लावणारी स्कीमा (टेबलांची रचना) पाहिली की विचार झालेला नाही हे लगेच कळतं. उत्पादनाच्या बाजूला 'नो ॲक्शन' ठेवा आणि उत्पादन बंद करायचं असेल तर त्याला 'सक्रिय नाही' असा स्टेटस द्या.

ग्राहक ते ऑर्डर आणि ऑर्डर ते पेमेंट इथेही कॅस्केड नको. पैशाचा व्यवहार झाला तो झाला. ग्राहकाने खातं बंद केल्याने हिशेब बदलत नाही. ग्राहकाची वैयक्तिक माहिती काढून टाकणं बंधनकारक असेल तर ग्राहकाची नोंद ठेवून तिच्यातली नाव, फोन, ईमेल ही माहिती पुसायची. म्हणजे आयडी राहतो, माणूस ओळखू येत नाही आणि ऑर्डरी जागच्या जागी राहतात. पत्ते या टेबलाला मात्र ग्राहकाबरोबर जायला हरकत नाही, पण एका अटीवर: ऑर्डर टेबल त्या पत्त्याकडे बोट दाखवत नसलं पाहिजे. माल पाठवलेला पत्ता ऑर्डरमध्येच कॉपी करून ठेवलेला बरा. तो त्या दिवशी काय होता हे महत्त्वाचं असतं, आज काय आहे हे नाही.

'सेट नल' तिथे शोभतं जिथे दुवा ही जादा माहिती असते. तिकीट कुणाकडे सोपवलं आहे, कर्मचाऱ्याचा मॅनेजर कोण, लेख कुणी तपासला. माणूस गेला तर काम 'कुणाकडेच नाही' या अवस्थेत जातं आणि ती अवस्था खरीच असते. इथे दोन अडचणी येतात. कॉलम 'नॉट नल' असेल तर मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर कन्स्ट्रेंट बनवतानाच नकार देतात, पण पोस्टग्रेस तो बनवू देतो आणि एरर येते ती पहिल्या डिलीटच्या वेळी, म्हणजे बहुधा प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर). दुसरी अडचण एकत्रित कींची. एका डेटाबेसमध्ये अनेक संस्थांचा डेटा असेल तर (संस्था_आयडी, मॅनेजर_आयडी) अशी जोडी असते आणि 'सेट नल' दोन्ही कॉलम नल करायला जातो. संस्था_आयडी नल होऊ शकत नाही, म्हणून डिलीट अडतं. पोस्टग्रेस १५ पासून 'सेट नल' च्या पुढे कंसात फक्त मॅनेजर_आयडी लिहिता येतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

डिलीट केल्यावर जे दिसत नाही

कॅस्केडचा खरा धोका तो गुपचूप चालतो यात आहे. ग्राहक टेबलावर डिलीट चालवलं आणि उत्तर आलं '१ नोंद काढली', तर ती फक्त ग्राहकाची १. खाली ४० ऑर्डरी आणि ३०० तपशील गेले असतील, त्यांचा आकडा कुठल्याच मोठ्या डेटाबेसच्या उत्तरात येत नाही. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्येही '१' च दिसतो.

परवानग्यांचंही तसंच. पोस्टग्रेस असो की मायएसक्यूएल, युजरला फक्त पेरेंट टेबलावर डिलीटची परवानगी असली तरी कॅस्केडमधून चाइल्डच्या नोंदी जातात, मग त्या टेबलावर त्याला काहीच हक्क का नसेना. ऑडिटच्या टेबलाला फॉरेन की जोडून वर कॅस्केड लावलं असेल तर 'ऑडिटवर कुणालाच डिलीटचा हक्क नाही' या वाक्याला काही किंमत उरत नाही. ऑडिट टेबलाला फॉरेन कीच नसावी असं माझं मत आहे. गेलेल्या गोष्टींची नोंद ठेवणं हेच तर त्याचं काम, आणि पेरेंट अस्तित्वात असलाच पाहिजे ही अट त्या कामाच्या आड येते.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी पुढच्या दोन गोष्टी नीट वाचाव्यात. ८.० आणि ८.४ या आवृत्त्यांत कॅस्केडमधून झालेल्या डिलीटवर चाइल्ड टेबलाचे ट्रिगर चालत नाहीत. ऑर्डरवर 'आफ्टर डिलीट' ट्रिगर लिहून साठ्याचा हिशेब ठेवत असाल, तर ग्राहक डिलीट झाल्यावर तो हिशेब चुकतो आणि कुठलीही एरर येत नाही. तसंच ही साखळी इनोडीबीच्या आतच चालत असल्याने चाइल्डच्या गेलेल्या नोंदी रो-बेस्ड बायनरी लॉगमध्ये (डेटाबेसमधल्या बदलांच्या क्रमवार नोंदवहीत) लिहिल्या जात नाहीत. रेप्लिकावर (डेटाबेसच्या दुसऱ्या चालत्या प्रतीवर) अडचण येत नाही, कारण तिथेही तीच फॉरेन की असते आणि ती तेच काम पुन्हा करते. पण बायनरी लॉग वाचून सर्च इंडेक्स किंवा वेअरहाउस भरणारं टूल असेल तर त्याला फक्त ग्राहक गेल्याचं कळतं. ऑर्डरी तिकडे तशाच पडून राहतात आणि दोन्हीकडचे आकडे जुळेनासे होतात. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॅस्केडने गेलेल्या नोंदींवर ट्रिगर चालतात.

पोस्टग्रेसचा सापळा वेगळा आहे. तिथे चाइल्डवरच्या 'बिफोर डिलीट' ट्रिगरने नल परत केलं तर त्या नोंदीचं डिलीट रद्द होतं, पण पेरेंट मात्र जातो. म्हणजे फॉरेन की जागेवर असूनही आतमध्ये अनाथ नोंद तयार होते. 'सॉफ्ट डिलीट' (नोंद न काढता तिच्यावर 'काढली' अशी खूण करणं) आपोआप व्हावं म्हणून असे ट्रिगर लिहायची कल्पना आकर्षक वाटते. कॅस्केड असलेल्या टेबलावर ती अमलात आणू नका.

आणि 'रिप्लेस इंटू'. मायएसक्यूएलमध्ये हे अपडेट वाटतं, पण की आधीच असेल तर ते जुनी नोंद डिलीट करून नवी घालतं. त्या मधल्या डिलीटला कॅस्केड लागू होतो. ग्राहकाचा फोन नंबर बदलायला 'रिप्लेस' चालवलं आणि त्याचे सगळे पत्ते गेले, असं यातून घडतं. एसक्यूलाइटचं 'इन्सर्ट ऑर रिप्लेस' तसंच वागतं. मायएसक्यूएलमध्ये 'ऑन ड्युप्लिकेट की अपडेट' आणि एसक्यूलाइट, पोस्टग्रेसमध्ये 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' वापरा. ही खरीखुरी अपडेट आहेत.

इंडेक्स नसला तर

'डिलीट फार हळू चालतं' या तक्रारीत सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे चाइल्डच्या फॉरेन की कॉलमवर इंडेक्स (नोंद पटकन शोधण्यासाठीची सूची) आहे का. पेरेंटच्या बाजूला प्रायमरी की असल्याने इंडेक्स असतोच. चाइल्डच्या बाजूचा इनोडीबी आपोआप बनवतो. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर बनवत नाहीत.

पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की आतून ट्रिगरच्या रूपात चालते आणि डिलीट झालेल्या प्रत्येक पेरेंट नोंदीमागे चाइल्डवर एक स्वतंत्र क्वेरी धावते. समजा १०,००० ग्राहक काढायचे आहेत आणि ऑर्डर टेबलात ५० लाख नोंदी आहेत. इंडेक्स नसेल तर ५० लाखांचं टेबल १०,००० वेळा पूर्ण वाचलं जाईल, म्हणजे ५,००० कोटी नोंदींवरून नजर फिरवायची. इंडेक्स असेल तर तेच काम १०,००० छोट्या शोधांत संपतं. लक्षात घ्या, हे फक्त कॅस्केडलाच नव्हे तर 'नो ॲक्शन'लाही लागू आहे, कारण 'चाइल्ड शिल्लक आहे का' हे बघायलाही शोधावं लागतंच. ज्या ग्राहकांची एकही ऑर्डर नाही त्यांना काढायलाही तेवढाच वेळ जातो, आणि म्हणूनच हा प्रकार लोकांना बुचकळ्यात टाकतो.

इंडेक्सचा पहिला कॉलम फॉरेन कीचा हवा. (ऑर्डर_तारीख, ग्राहक_आयडी) असा इंडेक्स असेल तर या कामासाठी तो असून नसल्यासारखा. (ग्राहक_आयडी, ऑर्डर_तारीख) चालेल.

पोस्टग्रेसमध्ये वेळ नेमका कुठे जातो ते असं बघा: ट्रॅन्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) सुरू करा, डिलीटच्या आधी 'एक्सप्लेन ॲनलाइझ' लावून चालवा आणि शेवटी रोलबॅक करा, म्हणजे सगळं मागे फिरवा. रोलबॅक विसरू नका, कारण 'ॲनलाइझ' लावलं की डिलीट खरोखर होतं. उत्तराच्या तळाशी प्रत्येक कन्स्ट्रेंटच्या ट्रिगरला किती वेळ लागला आणि तो किती वेळा चालला हे येतं. बहुतेक वेळा एकाच ओळीत सगळा वेळ गेलेला असतो आणि दोषी टेबल तिथेच सापडतं.

ओरॅकलमध्ये इंडेक्स नसण्याची शिक्षा आणखी कडक. पेरेंटमधली नोंद काढताना चाइल्डच्या पूर्ण टेबलावर लॉक (इतरांना बदल करू न देणारं कुलूप) लागतं. त्या टेबलात दुसऱ्या सेशनने काहीही बदलून कमिट केलं नसेल तर डिलीट तिथेच थांबतं, त्याच्या मागे इतर रांगेत उभे राहतात, आणि त्यातून डेडलॉक (दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकणं) होतात.

लॉकचा विषय निघालाच आहे तर पोस्टग्रेसचंही सांगतो. चाइल्डमध्ये नोंद घालताना पेरेंटच्या नोंदीवर 'की शेअर' नावाचं हलकं लॉक लागतं. ९.३ आवृत्तीपासून ते इतकं हलकं आहे की पेरेंटचे इतर कॉलम अपडेट करायला आड येत नाही, पण डिलीटला आड येतं. म्हणून एखाद्या सेशनने ऑर्डर घालून ट्रॅन्झॅक्शन उघडंच ठेवलं असेल तर त्या ग्राहकाचं डिलीट ताटकळत राहतं. उलट बाजूने, डिलीट चालू असताना आलेली नवी ऑर्डर आधी थांबते आणि डिलीट कमिट झालं की २३५०३ घेऊन परत जाते. हे बरोबरच आहे. ॲप्लिकेशनने ती एरर पकडली पाहिजे इतकंच. डेडलॉकचं नेहमीचं कारण म्हणजे दोन उलटे क्रम: कॅस्केड वरून खाली जातो आणि कुणीतरी लिहिलेला रात्रीचा जॉब खालून वर. एकाच टेबलांच्या संचावर दोन्ही पद्धती एकाच वेळी चालू देऊ नका.

प्रत्येक डेटाबेसची आपली खोड

एसक्यूएल सर्व्हर एका टेबलापासून दुसऱ्यापर्यंत कॅस्केडचे दोन रस्ते होऊ देत नाही. ग्राहकापासून ऑर्डरमार्गे पेमेंटपर्यंत एक आणि ग्राहकापासून थेट पेमेंटपर्यंत दुसरा, असं केलं की १७८५ ही एरर येते. टेबलाने स्वतःकडेच बोट दाखवलेलं असेल, जसं कर्मचारी आणि मॅनेजर, तरी कॅस्केड नाकारला जातो. अशा वेळी एका रस्त्यावर 'नो ॲक्शन' ठेवून त्या टेबलातल्या नोंदी प्रोसीजरमधून आधी काढायच्या. हीच स्कीमा पोस्टग्रेसमध्ये विनातक्रार चालते, त्यामुळे डेटाबेस बदलताना ही अडचण हमखास येते.

एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक नव्या कनेक्शनवर 'प्राग्मा फॉरेन_कीज' ऑन करावा लागतो आणि तोही ट्रॅन्झॅक्शन सुरू होण्याआधी; ट्रॅन्झॅक्शनच्या आत ही आज्ञा काहीच करत नाही आणि सांगतही नाही. 'कॅस्केड लावलंय पण चालत नाही' याचं एसक्यूलाइटमधलं कारण बहुधा हेच. जुना डेटा तपासायला 'प्राग्मा फॉरेन_की_चेक' आहे, तो नियम मोडणाऱ्या नोंदी दाखवतो.

मायएसक्यूएलमध्ये टेबल मायआयसॅम प्रकारचं असेल तर फॉरेन की वाचली जाते आणि सोडून दिली जाते. इनोडीबीमध्ये दोन्ही बाजूंचे प्रकार जुळावे लागतात. पेरेंटचा आयडी 'अनसाइन्ड' आणि चाइल्डचा साधा असेल तर कन्स्ट्रेंट बनत नाही. अक्षरी कॉलम असतील तर कॅरॅक्टर सेट आणि कोलेशनही जुळायला हवं. साखळीची खोली १५ पातळ्यांपेक्षा जास्त जात नाही, अर्थात एवढी खोल साखळी असेल तर आधी स्कीमाच तपासावी.

डेटा भरताना वेग यावा म्हणून तपासणी तात्पुरती बंद करण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे, पण तिचा फटका बसू शकतो. मायएसक्यूएलमध्ये 'फॉरेन_की_चेक्स' शून्य करून पुन्हा एक केल्यावर मधल्या काळात आलेल्या नोंदी तपासल्या जात नाहीत. शिवाय बंद असताना कॅस्केडही चालत नाही, म्हणजे त्या काळात पेरेंट काढला तर चाइल्ड तसाच उरतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये असा कन्स्ट्रेंट 'अविश्वासू' म्हणून नोंदला जातो, 'सिस.फॉरेन_कीज' मध्ये तो कॉलम दिसतो, आणि क्वेरी ऑप्टिमायझर त्याचा उपयोग करत नाही. तो परत चालू करताना 'विथ चेक चेक कन्स्ट्रेंट' असं 'चेक' दोनदा लिहावं लागतं. ही छपाईची चूक नव्हे. पहिला 'चेक' जुना डेटा तपासायला सांगतो, दुसरा कन्स्ट्रेंट चालू करतो.

आता एक इशारा, तो फक्त पोस्टग्रेससाठी. 'ट्रंकेट ... कॅस्केड' मधल्या कॅस्केडचा 'ऑन डिलीट कॅस्केड'शी काहीही संबंध नाही. उत्पादन टेबलावर ही आज्ञा दिली तर त्याच्याकडे बोट दाखवणारं प्रत्येक टेबल, मग त्याच्याकडे बोट दाखवणारी टेबलं, अशी सगळी पूर्ण रिकामी होतात. कन्स्ट्रेंटवर 'रिस्ट्रिक्ट' लिहिलेलं असो की 'सेट नल', ते बघितलंही जात नाही. याउलट 'ड्रॉप टेबल ... कॅस्केड' ऐकायला भयानक, पण चाइल्डमधल्या नोंदींना ते हात लावत नाही, फक्त फॉरेन की कन्स्ट्रेंट काढतं. ओरॅकल १२सी पासून 'ट्रंकेट कॅस्केड' आहे, पण दुव्यावर 'ऑन डिलीट कॅस्केड' असेल तरच ते चालतं. एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल, दुसऱ्या टेबलाने बोट दाखवलेलं टेबल ट्रंकेटच करू देत नाहीत.

चालू टेबलावर फॉरेन की घालणं किंवा बदलणं

आधी अनाथ नोंदी शोधा. चाइल्डला पेरेंट टेबल 'लेफ्ट जॉइन' करा आणि चाइल्डचा कॉलम नल नाही पण पेरेंटचा आयडी नल आला, अशा नोंदी काढा. किती आहेत ते मोजा, त्या वेगळ्या टेबलात कॉपी करून ठेवा आणि मगच डिलीट किंवा नल करा. अनाथ नोंदी का तयार झाल्या हेही शोधायला हवं, नाहीतर कन्स्ट्रेंट लावल्याच्या दुसऱ्या दिवशी ॲप्लिकेशनचा तोच कोड एरर देऊ लागतो.

मग इंडेक्स. पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट इंडेक्स कॉन्करंटली', म्हणजे लिखाण अडत नाही. ही आज्ञा ट्रॅन्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे मायग्रेशन टूलमध्ये त्या पायरीपुरतं ट्रॅन्झॅक्शन बंद करावं लागतं. त्यानंतर कन्स्ट्रेंट 'नॉट व्हॅलिड' लिहून घाला. यात जुना डेटा तपासला जात नाही, नवा लगेच तपासला जाऊ लागतो, आणि लॉक क्षणभरच लागतं. ते क्षणभराचं लॉकही दोन्ही टेबलांवरचं लिखाण थांबवतं, आणि ते मिळवायची वाट बघताना मागे रांग लागते. म्हणून आधी 'लॉक_टाइमआउट' २–३ सेकंद ठेवा; नाही मिळालं तर पुन्हा प्रयत्न करा. शेवटी 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट' वेगळ्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये. ते सगळं टेबल वाचतं, पण तेवढा वेळ इन्सर्ट, अपडेट, डिलीट चालू राहतात.

आहे त्या फॉरेन कीचं 'नो ॲक्शन' बदलून 'कॅस्केड' करायला थेट आज्ञा नाही. जुना कन्स्ट्रेंट काढून नवा घालावा लागतो. आधी काढून मग घातला तर मधल्या वेळात काहीही आत येऊ शकतं. नवा वेगळ्या नावाने आधी घाला, तपासून घ्या, आणि मग जुना काढा; एकाच कॉलमवर दोन फॉरेन की काही काळ सुखाने नांदतात.

मोठं डिलीट चालवण्याआधी

कोणत्या टेबलांपर्यंत झळ पोचेल हे अंदाजाने ठरवू नका, कॅटलॉगला (डेटाबेसने स्वतःच्या रचनेची माहिती ठेवलेल्या टेबलांना) विचारा. मायएसक्यूएलमध्ये 'इन्फर्मेशन_स्कीमा'तल्या 'रेफरेन्शियल_कन्स्ट्रेंट्स' व्ह्यूमध्ये 'डिलीट_रूल' कॉलम असतो. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी_कन्स्ट्रेंट' मधला 'कॉनएफडेलटाइप' बघा. तिथे एकेका इंग्रजी अक्षराची खूण असते, 'ए' म्हणजे नो ॲक्शन, 'आर' रिस्ट्रिक्ट, 'सी' कॅस्केड, 'एन' सेट नल, 'डी' सेट डीफॉल्ट. यावर रिकर्सिव्ह क्वेरी लिहिली की एका टेबलापासून खालचं सगळं झाड मिळतं. कुठल्याही स्कीमाच्या आढाव्यात मी हे झाड आधी काढायला सांगतो, कारण एक दुवा बघून कॅस्केड निर्धोक वाटतो आणि तीन पातळ्या खाली कुणीतरी लावलेला दुसरा कॅस्केड पेमेंटपर्यंत पोचलेला असतो.

झाड मिळालं की रंगीत तालीम करा. प्रॉडक्शनच्या ताज्या कॉपीवर ट्रॅन्झॅक्शन सुरू करून त्या झाडातल्या प्रत्येक टेबलाची नोंदसंख्या घ्या, एक डिलीट चालवा, पुन्हा मोजा, फरक लिहून ठेवा, रोलबॅक करा. ज्या टेबलाची संख्या घटायला नको होती ती घटली, तर कुठला दुवा चुकीचा आहे ते इथेच कळतं. हा प्रयोग प्रॉडक्शनवर करू नये. रोलबॅक होईपर्यंत सगळी लॉक धरून ठेवलेली असतात.

लाखो नोंदी काढायच्या असतील तर कॅस्केडवर सोपवू नका, तो लावलेला असला तरी. एका स्टेटमेंटमध्ये सगळं झालं तर ट्रॅन्झॅक्शन प्रचंड मोठं होतं, रेप्लिका मागे पडतात, आणि मध्येच थांबवलं तर रोलबॅकलाच तासन् तास जातात. खालून वर या: आधी ऑर्डर_तपशील, मग ऑर्डर, मग ग्राहक, प्रत्येक टप्प्याला २,००० ते ५,००० नोंदींचे गट आणि प्रत्येक गटानंतर कमिट. एसक्यूएल सर्व्हरमध्ये गट ५,००० च्या खालीच ठेवा, कारण एका स्टेटमेंटने एका टेबलावर साधारण ५,००० लॉक घेतली की तो ती सगळी मिळून पूर्ण टेबलाचं एकच लॉक करायचा प्रयत्न करतो.  वर पोचेपर्यंत कॅस्केडला काढायला काही उरलेलंच नसतं. वर सांगितलेली उलट्या क्रमाची डेडलॉक टाळायला हे काम चालू असताना ॲप्लिकेशनमधून त्या ग्राहकांचं डिलीट बंद ठेवा.

ओआरएम आणि सॉफ्ट डिलीट

ओआरएममधला (कोडमधल्या ऑब्जेक्ट्सना टेबलांशी जोडणाऱ्या लायब्ररीतला) कॅस्केड आणि डेटाबेसमधला कॅस्केड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जँगोमध्ये मॉडेलवर नेहमीचा 'कॅस्केड' लिहिला तरी टेबलात 'ऑन डिलीट कॅस्केड' जात नाही. जँगो स्वतः चाइल्ड शोधून काढतं. रेल्समधलं 'डिपेंडंट डिस्ट्रॉय' चाइल्डच्या नोंदी मेमरीत आणून एकेक काढतं आणि त्यांचे कॉलबॅक (नोंद काढताना चालणारा ॲप्लिकेशनचा कोड) चालवतं. जेपीएचं 'कॅस्केडटाइप.रिमूव्ह' ही त्याच घराण्यातलं. फाइल पुसणं, ईमेल पाठवणं अशी कामं कॉलबॅकमध्ये असतील तर हाच रस्ता हवा, कारण डेटाबेसच्या कॅस्केडला त्या कामांची गंधवार्ता नसते. पण कुणी थेट एसक्यूएलने डिलीट केलं तर ओआरएमचा नियम लागू होत नाही. दोन्ही ठेवायचे असतील तर ओआरएमकडे कॅस्केड आणि डेटाबेसकडे 'नो ॲक्शन' ही जोडी मला सगळ्यात निर्धोक वाटते. नेहमीचा रस्ता चालतो आणि आडवाटेने आलेलं डिलीट अडतं.

सॉफ्ट डिलीटमध्ये तर डेटाबेसच्या दृष्टीने काहीच डिलीट होत नाही. 'काढल्याची_वेळ' हा कॉलम भरणं हे साधं अपडेट आहे, त्याने कुठलाही कॅस्केड चालत नाही आणि फॉरेन कीला तो पेरेंट जिवंतच दिसतो. काढून टाकलेल्या ग्राहकाच्या नावाने नवी ऑर्डर घातली तरी ती स्वीकारली जाते. हे थांबवायचं असेल तर इन्सर्टच्या वेळी ट्रिगरने किंवा कोडने वेगळी तपासणी करावी लागते, आणि चाइल्डच्या नोंदींवर ती वेळ भरायची की नाही हा निर्णयही प्रत्येक दुव्यासाठी स्वतंत्र घ्यावा लागतो. ठरावीक मुदतीनंतर या नोंदी खरोखर काढणारा जॉब असतोच. सगळे फॉरेन की नियम पहिल्यांदा कामाला लागतात ते त्या जॉबमध्ये, म्हणून त्याची तालीम स्कीमा बनवतानाच करून घ्यावी.